विमलच्या घरातली थोरली

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या येसाजीच्या घरात, त्याची आई आणि मुलगी सोडून, मोठी माणसं किती, या प्रश्नाचं उत्तर मी गेली अठरा वर्षं एकच लिहीत आले: तीन. येसाजी, त्याची बायको विमल आणि थोरली.

थोरली म्हणजे रूपाली, येसाजीची पहिली बायको. ती २००५ साली काविळीनं गेली.

हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण पुण्याच्या ज्या संस्थेसाठी मी हे अर्ज भरते, त्यांच्या सूचनांच्या कागदावर दुसऱ्याच ओळीत लिहिलं आहे, 'कुटुंब जे सांगेल तेच लिहावे, आपल्या मनाने दुरुस्ती करू नये.' ख्रिस्ती सिस्टर लोकांच्या शाळेत शिकलेल्या मुलीला सूचना मोडणं जमत नाही, ती पंचाहत्तरीची झाली तरी. विमल म्हणाली तीन, मी लिहिलं तीन.

आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, गेल्यावर कर्जतच्या बाजारपेठेतल्या दवाखान्याची बाहेरची खोली रिकामी पडली होती. तिथं मी एक कपाट ठेवलं आणि लग्न, मुलांचं संगोपन, घरातली धुसफूस यांवरच्या पुस्तिका, पत्रकं, अभ्यासाचे अहवाल जमवायला लागले. बरेचसे इंग्रजीत असत. शनिवारी दुपारी बायका येत, त्यांना मी त्यातलं मराठीत सांगत असे. पुण्याच्या संस्थेला हे कुठून तरी कळलं. घरातली नाती आणि मुलांची वाढ यांवर त्यांचा मोठा अभ्यास सुरू व्हायचा होता. दर तीन वर्षांनी तीच घरं, तेच प्रश्न. आमच्या भागातली चाळीस घरं माझ्याकडे आली. त्यात येसाजीचं घर होतं, कारण विमल त्याच सुमाराला माझ्याकडे यायला लागली होती.

पहिल्यांदा आली ती १३ जानेवारी २००७ ला. तेवीस वर्षांची, खालापूरकडची, लग्नाला आठ महिने झालेले. खुर्ची दिली तरी खालीच बसली. मंगळसूत्राच्या जोडीला गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा चपटा टाक होता, रुपयाएवढा, त्यावर बाईची ठोकळ आकृती. आमच्या भागात पहिली बायको गेली आणि दुसरी आणली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा असा टाक घालतात. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाला पहिला घास तिला, मग आपल्याला. म्हणजे गेलेलीचा जीव नव्या संसारात अडकून राहत नाही, असं म्हणतात. विमलची सासू भागूबाई सणावर समाधान मानणाऱ्यांतली नव्हती. तिनं रोजच्या दोन्ही जेवणांना घास लावला होता.

"पोर माझ्याजवळ येत नाय, डॉक्टरीणबाई," विमल म्हणाली.

पोर म्हणजे रूपालीची मुलगी नम्रता. आई गेली तेव्हा चार वर्षांची होती, आता सहाव्या वर्षात.

"मारतेस का तिला?"

"हात लावला तर गाव म्हनंल सावत्र हाय. मोठ्यानं बोलले तरी म्हनंल. सासू तर टपूनच हाय. पोरीच्या पायात काटा मोडला तरी माझ्याकडं बघती, जसा काय मीच पेरला."

मी कपाटातून एक पुस्तिका काढली. आई किंवा वडील गमावलेल्या लहान मुलांवरची होती. त्यात होतं ते तिला सांगितलं: आई गेली म्हणून घरात तिचा विषय बंद करू नको. रोज तिचं नाव निघू दे. तिला काय आवडायचं, ती कशी हसायची, हे पोरीच्या कानावर पडू दे. आईची जागा तू घेतली नाहीस, एवढं तिला पटलं की ती आपोआप तुझ्याजवळ येईल.

विमलनं सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "मी तर तिला बघितलीच नाय. काय सांगू?"

"गावाला विचार," मी म्हटलं. मला ते सोपं वाटलं होतं.

पण गावाला विचारणं तिला जमलं नाही. सवतीची चौकशी करते म्हणून बायका हसल्या असत्या, आणि येसाजी तर पहिल्या बायकोचं नावही घेत नसे. तीन आठवड्यांनी विमल आली ती मात्र खुशीत होती.

"काल पोरीनं भाताचं ताट भिरकावलं. मी काय बोलले नाय. टाक असा हातात धरला आनि म्हनलं, नमे, आई बघते हां. तिला नाय आवडलं. पोर उठली, डॉक्टरीणबाई, आनि एक एक शीत येचलं. सासू बी गप."

माझ्या डायरीतलं त्या तारखेचं पान मी नुकतंच पुन्हा काढून पाहिलं. मी लिहिलंय: 'विमलने छान युक्ती काढली. रागवायचे ते आईच्या नावाने, म्हणजे सावत्रपणाचा बोल नाही.' छान या शब्दाखाली मी रेघही ओढली होती.

तेव्हापासून त्या घरात विमल बोलेनाशी झाली आणि रूपाली बोलायला लागली.

दर तीन वर्षांनी मी रिक्षानं कोंडाण्याला जायची. लेण्यांकडे जाणारे लोक रस्त्याच्या कडेला गाड्या लावून वर निघालेले असत. येसाजीचं घर डोंगराच्या पायथ्याला शेवटचं. स्वयंपाकघरात तीन पाट मांडलेले दिसत, तिसरा भिंतीशी. त्यावर कोणी बसत नसे, आणि तो कोणी उचलूनही ठेवत नसे. विमल चहा टाकताना त्या पाटाला वळसा घालून जाई. दुसऱ्या वेळेपासून मीही वळसा घालायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. मेलेली माणसं स्वयंपाकघरात बसत नाहीत, असंच मला शाळेत शिकवलं होतं.

मी प्रश्न वाचायची. घरातले निर्णय कोण घेतं? विमल म्हणे, "थोरलीला इचारून घेतो." मुलीला शिस्त कोण लावतं? "थोरली." मुलीचं कौतुक? "तीच."

"आणि तू काय करतेस गं?" मी एकदा विचारलं.

चुलीपुढे बसलेली भागूबाई म्हणाली, "ती निरोप देती. आमी एक सून आनली आनि दोन आल्या. बरं हाय, एकीलाच खायाला लागतं."

सगळे हसले, विमलसुद्धा. नम्रता तेवढी हसली नाही. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. पाठ भिंतीला लावून बसली होती, आणि मी उठेपर्यंत तिनं पाठ भिंतीपासून हलवली नाही. त्याच वर्षी विमलनं मला कौतुकानं सांगितलं की पोर मोरीत दार लावलं तरी अंगावरचे कपडे काढत नाही, कपड्यांसकट आंघोळ करते. मी अर्जात 'स्वभाव' या शब्दापुढे लिहिलं, 'लाजाळू'.

विमलला स्वतःचं मूल झालं नाही. "थोरलीच्या मनात नसंल," एवढंच ती म्हणाली, आणि त्यातही तक्रार नव्हती. एव्हाना थोरली तिची सोबतीण झाली होती. भाजी निवडताना ती टाकाशी पुटपुटायची, हे मी ऐकलेलं आहे. भागूबाई वारल्यावर घास बंद करायला हरकत नव्हती. विमलनं केला नाही.

२०१९ साली नम्रता बारावी झाली. तिला परिचारिकेचं शिक्षण घ्यायचं होतं, पनवेलला राहून. मी अर्ज आणून ठेवले होते. ती स्वतःच येऊन ते परत देऊन गेली.

"आईला नाय पसंत," ती म्हणाली.

"विमल बोलली असं?"

"नाय, नाय. मावशी कशाला नाय म्हनंल? आईला नाय पसंत." विमलला ती मावशी म्हणे. कागदांच्या कडा तिनं नीट जुळवल्या आणि ते टेबलावर ठेवले. मला आठवतं, जाताना तिनं माझ्याकडे पाठ केली नाही. दारापर्यंत उलटी चालत गेली.

पुढे २०२३ मध्ये तिचं लग्न झालं. मुलगा जितेश, खालापूरजवळच्या चौक गावात त्याचं गॅरेज आहे. त्याला आई नाही. गुणी आणि हसरा मुलगा.

गेल्या जुलैत संस्थेतल्या अनुपमचा फोन आला. तो तिथं नवा होता, जुने आकडे संगणकात भरत होता.

"काकू, कोंडाण्याच्या एका घरात थोडा गोंधळ दिसतोय. आजी आणि मुलगी सोडून तीन प्रौढ माणसं आहेत. दोघांची वयं बरोबर वाढतात. तिसरी बाई २००७ ला सव्वीसची, २०१६ ला सव्वीसची, २०२२ लाही सव्वीसचीच."

रूपाली सव्वीसाव्या वर्षी गेली होती. विमल दर वेळी तेच वय सांगे, आणि मी तेच लिही. पहिल्या अर्जात विमल तेवीसची होती, तेव्हा थोरली खरोखर थोरली होती. आता विमल एकेचाळीस वर्षांची आहे. पंधरा वर्षांनी धाकट्या बाईला ती थोरली म्हणते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"काढून टाकू का यादीतून?" अनुपमनं विचारलं.

"थांब जरा. विचारून सांगते."

"कोणाला विचारून?"

मी फोन ठेवला.

या वेळी आणखी एक अर्ज होता. अभ्यासातली मुलं आता मोठी झाली होती, त्यांचा वेगळा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी चौकला गेले. नम्रताला सातवा महिना होता. गॅरेजच्या मागेच घर. जितेश हात पुसत आत डोकावला.

"नवऱ्याला मार्क द्यायचे असतील तर सढळ हातानं द्या हां, डॉक्टरीणबाई. गॅरेजवाल्याला शाळेत कोणी दिले नाहीत."

"जा रं तू," नम्रता म्हणाली, आणि तो गेला.

बाविसावा प्रश्न असा होता: लहानपणी घरात तुम्हाला सर्वांत जास्त भीती कोणाची वाटत असे?

"आईची."

"विमलची?"

"मावशीची कशाला वाटंल? मावशीनं कधी शबूद वाकडा बोलला नाय. माझ्या आईची."

"तुला आठवते ती?"

नम्रतानं नाही म्हणून मान हलवली. "तोंड नाय आठवत. बघनं आठवतं. नुस्तं बघनं. मोरीत बी बघायची, शाळंत बी. पहिल्यांदा पाळी आली तवा सा महिने कुनाला सांगितलं नाय मी. म्हनलं, आईला आवडनार नाय. मग म्हनलं, तिला ठावंच असंल. इकडं आल्यापास्नं नाय बघत. चौकला नाय येत ती. इकडं मला झोप लागते, डॉक्टरीणबाई."

मी पेन खाली ठेवलं.

"मी बाळंतपनाला तिकडं नाय जायाची," ती म्हणाली. "माझं पोर मी तिच्या नजरंखाली नाय ठेवायची. मावशीला तुमी सांगा. मी सांगितलं तर ती म्हनंल, माझंच काय चुकलं."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत आहे. विमलकडे माहेर म्हणून द्यायला तेवढंच होतं. मी दोन दिवसांनी कोंडाण्याला गेले, तर तिनं तयारी मांडलेली होती. जुनी मऊ लुगडी धुऊन, फाडून दुपट्यांची चळत केली होती. डिंक, अळीव, बाळंतशेपा डब्यांत भरलेला. बाज विणून घेतली होती. बाज कुठं टाकायची ते मला दाखवत होती. भिंतीशी, तिसऱ्या पाटाशेजारी.

"थोरली म्हनली, नातवंड माझ्याजवळ निजंल," विमल म्हणाली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. नम्रता येणार नाही. तिला तिच्या आईची भीती वाटते, लहानपणापासून वाटत आली आहे.

विमल रागावली. "थोरली तशी नव्हती! कुनाला कधी वंगाळ बोलली नाय ती!"

"तुला काय माहीत?"

चुलीवर पाणी उकळत होतं, ते तिनं उतरवलं नाही. बाजेच्या कडेवर बसली.

"विमल, ताट फेकलं तेव्हा 'आई बघते' असं कोण म्हणालं?"

"मी."

"पनवेलला नाही कोण म्हणालं?"

पाणी आटत आलं, तेव्हा मीच भांडं उतरवलं. चूक तिची एकटीची नव्हती. ते मी तिला सांगितलं, डायरीत काय लिहिलं होतं तेही सांगितलं. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. ती भिंतीशी असलेल्या पाटाकडे बघत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"मग हितं बसतं कोन?" ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी ती कर्जतला माझ्या दारात आली. "चौकला जाऊया. तुमी चला. मी खोटं बोलले तर टोका."

नम्रता आम्हाला बघून घाबरलीच. विमलनं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाली, "नमे, तिनं कधी काय सांगितलंच नाय. मी बोलत होते. समदं मीच."

"काय मीच?"

"आई बघते, आई रागावली, आईला नाय आवडनार. ते मीच. माझ्या नावानं बोलले असते तर सावत्र म्हनली असतीस. म्हनून तिच्या नावानं."

बाहेर कोणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. नम्रता सावकाश खाली बसली.

"मोरीत?"

"कोन नव्हतं."

"पनवेलला?"

"मी. एकटी ऱ्हाशील, भ्या वाटलं. माझ्या नावानं नाय म्हनले असते तर भांडली असतीस."

"भांडले असते!"

"म्हनून."

मला वाटलं होतं, आता पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. पुस्तिकांत असंच असतं, खरं सांगितलं की मोकळं वाटतं. पण नम्रताचा चेहरा मोकळा झाला नाही.

"धावीचा निकाल लागला तवा आई खुश झाली म्हनलीस."

"मीच खुश झाले."

"मला ताप आलेला, आठवडाभर. तू म्हनलीस आई उशाशी बसून हाय, घाबरू नको. मला हात लागत होता कपाळाला."

"माझाच."

"मग माझी आई?" नम्रता म्हणाली. "ती कशी होती मग?"

"मला नाय ठावं, बाय. मी तिला बघितलीच नाय."

नम्रता रडली नाही. पोटावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. एका क्षणात तिची आई दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी तिचं थोडंसुद्धा मागं उरलं नव्हतं. भीती गेली तशी शाबासकीही गेली. हे आम्हा दोघींपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"तू घरी जा, मावशी," ती म्हणाली.

पुढे पंधरा दिवस काही नाही. विमल दोन्ही शनिवारी आली नाही. मग ३० ऑगस्टला दुपारी आली आणि पहिल्या दिवसासारखी खाली बसली. नम्रताचा फोन आला होता.

"म्हनली, मी तिकडं नाय येनार. तू इकडं ये बाळंतपन करायला. एकटी ये, म्हनली."

लेकीच्या घरी आईनं जाऊन बाळंतपण करायचं, हे गावाला रुचण्यासारखं नव्हतं. पण विमलचं तिथं अडलं नव्हतं.

"एकटी म्हंजे," तिनं गळ्याशी हात नेला, "ह्याला सोडून, न्हवं? तुमच्या पुस्तकात काय हाय?"

मी कपाट उघडलं. सवतीच्या टाकाचं काय करावं, हे कोणत्याही संशोधनात नव्हतं. तसं मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली, जणू तिला तेच ऐकायचं होतं.

सप्टेंबरच्या मध्याला ती निघाली. मी रिक्षा घेऊन तिला न्यायला गेले होते. येसाजी ओटीवर बसला होता. खोपोलीच्या कारखान्यात त्याला दुपारची पाळी होती. अबोल माणूस. गेलेल्या जोडीदाराबद्दल घरात बोलणं होतं का, या प्रश्नाला तो दर वेळी सांगे, "बायकोला इचारा."

विमल बोचकं घेऊन बाहेर आली. गळ्यातला दोरा तिनं डोक्यावरून काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"हे घ्या."

"मला कशाला? बायकांचं असतंय ते."

"तुमची बायको हाय. एवढी वर्सं मी सांभाळली. मी तिला वळखत बी नाय, तुमी वळखता. सकाळ-सांजचा घास लागतो. आदी तिला, मग तुमाला."

येसाजीनं हात पुढे केला नाही. विमलनं त्याचा हात धरून तळव्यावर टाक ठेवला आणि बोटं मिटली.

"काय बोलू तिच्याशी?" तो म्हणाला. पन्नाशीच्या माणसाचा आवाज असा मी ऐकलेला नाही.

"मला काय ठावं? मी मनाचंच बोलत होते."

रिक्षात ती चौकपर्यंत बोचकं मांडीवर धरून बसली. गळ्याभोवती दोऱ्याची फिकट रेघ उमटलेली होती, मंगळसूत्राच्या आत.

"हलकं वाटत नाय," ती उतरताना म्हणाली. "उघडं वाटतं."

नम्रताला ऑक्टोबरच्या अठरा तारखेला मुलगी झाली. बारशाआधी मी जाऊन आले. नम्रता विमलला मावशीच म्हणते, आई म्हणत नाही. आता तरी ती आई म्हणते का, ते ऐकायला मी गेले होते, हे कबूल करते. दोघींचं बाळाच्या टाळूवरच्या तेलावरून चाललं होतं.

"एवढं नको थापू गं," विमल म्हणाली, आणि गप्प झाली.

"बोल की. कुनाची वाट बघतेस?"

विमलनं एकदा मागं वळून भिंतीकडे पाहिलं. चौकच्या घरात त्या भिंतीशी जितेशचं हेल्मेट लटकत होतं, दुसरं काही नव्हतं. "पोरीचं डोस्कं हाय का भजं हाय?" ती म्हणाली. "तळायला घेतलंस काय?"

"माझी पोर हाय, मी बघीन."

"बघ मग! सर्दी झाली की मला हाका मारू नको!"

"आली बघा सावत्र आई!" जितेश बाहेरून ओरडला.

ज्या शब्दाला विमल जन्मभर भ्याली होती, तो हाच. मग नम्रता हसली, खरोखरची हसली, पोट धरून, "नको रं, टाके हायत," म्हणत. विमल हसली नाही. पण तेलाची वाटी तिनं नम्रताच्या हातातून काढून घेतली.

सव्वा महिना झाला, दोन झाले. विमल परत गेली नाही. नम्रतानं पुन्हा त्या अभ्यासक्रमाची चौकशी सुरू केली आहे, आणि बाळाकडे कोण बघणार हा प्रश्न त्या घरात कोणी विचारत नाही. कोंडाण्याला काय करायचं, याबद्दल विमल एवढंच म्हणाली, "तितं दोघं हायत की."

अनुपमचे तीन निरोप येऊन पडले होते. येसाजीचा अर्ज तेवढा राहिला होता. जानेवारीच्या सात तारखेला, सकाळी अकराच्या सुमाराला मी गेले. ऊन छान पडलं होतं. ओटी झाडलेली, दार उघडं. पायरीपाशी एकच चपलांची जोडी होती, पुरुषाची.

मी हाक मारणार, तेवढ्यात आतून येसाजी बोलला. स्वयंपाकघरातून. भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"मीठ झालंय का बराबर?"

मला वाटलं, विमल आली असावी. पण विमलला मी आदल्या संध्याकाळीच चौकला पाहिलं होतं. मी पायरीवर तशीच उभी राहिले. आत काहीच आवाज नव्हता. घास तोंडात घेऊन सांगायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा गेला.

"बरं," येसाजी म्हणाला. "उंद्या कमी घालतो."

मी हाक मारली नाही. अर्ज पिशवीतच राहू दिला आणि रिक्षाकडे परत आले.